आजेसासूबाईंच्या ट्रंकेतली रंगीत काच: कुठली, केव्हाची, कसं ओळखायचं?

मिरजेची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या आजेसासूबाईंचं मिरजेचं घर पाडून तिथे अपार्टमेंट होतंय, त्यामुळे माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलंय (बाकी कुणाला रजा मिळत नाही, मला बरोब्बर मिळते). एका पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या धोतरांत गुंडाळलेली रंगीत काच निघालीये आणि घरात सगळ्यांचं एकच पालुपद, "ते सगळं बेल्जियमचं आहे हो". कुणी आणलं, कधी आणलं विचारलं की पणजोबा मुंबईला दलाली करायचे, एवढ्यावर गाडी थांबते. मला काचेतलं ओ की ठो कळत नाही.

नंबर देते म्हणजे बोलायला सोपं. १ लाल वाडगा, त्यावर पांढरी द्राक्षाची वेल आणि हरणं कोरलेली. २ पिवळट हिरवी छोटी ताटली, कडेला कंगोरे. ३ नारिंगी चमकीचे ग्लास आणि जग, पाण्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसले रंग आहेत त्यांच्यावर. ४ निळी हंडी, वर पितळी कडं आणि तीन साखळ्या. ५ जांभळी अत्तरदाणी, सोनेरी नक्षी, बूच गायब. ६ मधाच्या रंगाचे बाऊल, अख्खा सेट. ७ काचेचा मासा, पोटात निळा-पिवळा रंग. वाटण्या व्हायच्या आत काय आहे ते तरी कळावं म्हणून धागा काढलाय.

निशिगंध
फोटो दिसत नाहीयेत. ड्राइव्हची परवानगी सगळ्यांना द्या.

मिरजेची_सून
दिली. आता बघा.

निशिगंध
आता दिसले. काय सुंदर आहे ती हंडी!! बाकी कळत काही नाही, वाचतेय.

खडूस_काका
किंमत किती येईल ते आधी बोला, बाकी इतिहास नंतर.

भिंगवाला
काका, वस्तू काय आहे ते कळल्याशिवाय किंमत कशाची काढणार?

ताई, फोटो छान आहेत पण सगळे समोरून काढलेत. काच समोरून बघून ओळखणारे लोक असतात, मी त्यातला नाही. मला प्रत्येक वस्तूचे तीन फोटो लागतील, एक तळाचा, एक काठाचा आडवा म्हणजे काचेची जाडी दिसेल असा आणि एक खिडकीच्या उजेडासमोर धरून.

तळाला काय बघायचं ते सांगतो. काच फुंकून केली असेल तर शेवटी ती एका लोखंडी दांडीवर तळाकडून धरतात आणि तोंडाचं काम झालं की दांडी तोडतात, तिथे तळाच्या मधोमध खडबडीत वण राहतो. चांगल्या कारखान्यात तो वण घासून गुळगुळीत खळगा करतात. साच्यात दाबून केलेली असेल तर वण नसतो, पण अंगावर उभ्या बारीक रेघा असतात, साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे. डोळ्यांना नाही दिसली तरी नखाला लागते ती रेघ. एवढ्या एकाच गोष्टीने तुमच्या ट्रंकेतले दोन ढीग होतील. मग तळाच्या ज्या कडेवर वस्तू टेकते ती कड भिंगातून बघा. खरी वापरलेली वस्तू असेल तर तिथे बारीक चरे असतात आणि ते वाट्टेल त्या दिशेने गेलेले असतात. सगळे चरे एकाच दिशेने असतील तर कुणीतरी पॉलिशपेपर मारून वय वाढवलंय असं समजायचं.

आणि बेल्जियमबद्दल. आपल्याकडे आरसा चांगला असला की बेल्जियम, झुंबर दिसलं की बेल्जियम. त्यात तथ्य नाही असं नाही, लिएजजवळ सेरांगला व्हाल सेंट लँबर्टचा काच कारखाना १८२६ला निघाला आणि बेल्जियमची काच जगभर जायची. पण त्याच काळात बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, आणि इंग्लंडमधूनही ढिगाने माल हिंदुस्थानात येत होता. बर्मिंगहॅमच्या ऑस्लरने तर कलकत्त्यात स्वतःची शोरूम थाटली होती. तेव्हा बेल्जियम हे उत्तर शेवटी येऊ दे, पहिलं नको.

सुगरण_मावशी
आधी सगळं पितांबरीने लख्ख करून घ्या, मग फोटो छान येतील.

भिंगवाला
नको नको नको!! मावशी, सोनेरी नक्षी एका हातात निघून जाईल. अत्तरदाणीला नुसता ओला मऊ कपडा, तोही सोन्यावर घासायचा नाही. बाकीचं कोमट पाण्यात, प्लॅस्टिकच्या टबात तळाला टॉवेल अंथरून, एका वेळी एकच वस्तू. गरम पाणी अजिबात नको, जुनी जाड काच थंड असताना गरम पाणी पडलं की तडकते. आत पांढरा थर असेल तर तो बहुतेक पाण्याचा क्षार, व्हिनेगर पाण्यात मिसळून रात्रभर ठेवलं की सुटतो (सोनेरी नक्षीच्या वस्तूत नाही). तरीही सुटला नाही आणि काच धुरकट दिसली तर काचच आतून खराब झाली असं समजायचं, त्याला घरगुती उपाय नाही.

रसायनी
दोन नंबरच्या ताटलीकडे माझं लक्ष गेलंय. असा पिवळट हिरवा रंग, तोही दिवसाउजेडी थोडा आतून पेटल्यासारखा, म्हणजे युरेनियम असण्याची बरीच शक्यता. घाबरू नका. १८३०च्या दशकात बोहेमियात रीडेल नावाच्या काचवाल्याने असल्या काचेला नाव मिळवून दिलं, मग सगळ्या युरोपात आणि अमेरिकेत ती निघाली. दुसऱ्या महायुद्धात युरेनियमवर सरकारांचा ताबा आला तेव्हा हे काम बऱ्याच ठिकाणी थांबलं.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. कापड दुकानात नाहीतर किराण्यात नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, तोच अतिनील दिवा. अंधाऱ्या खोलीत ताटलीवर धरा. युरेनियम असेल तर भडक पोपटी हिरवी झळकते, शंका उरतच नाही. अगदी फिकट हिरवी झळक आली तर ते मँगनीज असू शकतं, जुन्या काचेत नको असलेला रंग घालवायला ते घालायचे. कॅडमियम किंवा सेलेनियम असलेल्या काचा पिवळ्या-नारिंगी झळकतात. दिव्याकडे थेट बघू नका एवढंच.

निशिगंध
युरेनियम??? घरात???

रसायनी
हो, आणि कपाटात ठेवायला काही धोका नाही, प्रमाण फार कमी असतं. रोज लोणचं वाढायला मात्र वापरू नका, आंबट पदार्थात थोडं का होईना उतरतं. आणि चुकून फुटली तर तुकडे उघड्या हाताने उचलू नका, पण ते कुठल्याही काचेला लागू आहे.

बाकी रंगांबद्दल विचारलं नाहीये तरी सांगतेच, वर्गात शिकवताना मुलं इथेच जागी होतात. निळा बहुतेक वेळा कोबाल्टचा, आणि तो इतका जोरकस असतो की चिमूटभर पुरतो. जांभळा मँगनीजचा. साध्या बाटलीचा हिरवा लोखंडाचा. मधाळ तपकिरी लोखंड आणि गंधकाचा. गुलाबीकडे झुकणारा लाल सोन्याचा, खरोखर सोन्याचा, अतिसूक्ष्म कण काचेत विखुरलेले असतात. पण लाल तांब्याचाही होतो आणि सेलेनियमचाही, म्हणून नुसत्या लाल रंगावरून सोनं आहे म्हणून नाचू नये.

खडूस_काका
म्हणजे वाडगा वितळवून सोनं निघेल का 😀

रसायनी
गॅसचा खर्च निघणार नाही.

मिरजेची_सून
कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून नोटांचा दिवा मागून आणला, त्याला वाटलं मी खोट्या नोटांचं काही करतेय. रात्री बाथरूममध्ये लाइट बंद करून ताटलीवर धरला आणि बाई गं, अशी पेटली की माझी मुलगी ओरडलीच! भडक पोपटी. मग आम्ही दोघींनी घरातलं सगळंच तपासलं, बाकी काहीच तसं झळकलं नाही, फक्त हंडीवर किंचित फिकट काहीतरी वाटलं पण नक्की नाही.

तळाचे, काठाचे फोटो टाकलेत. तीन नंबरच्या ग्लासच्या तळाला इंग्रजीत उठावाची अक्षरं आहेत, जे ए आय एन. हे काय?

भिंगवाला
वा! हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात मजेचं निघालं. जे ए आय एन म्हणजे जैन. फिरोजाबादचं जैन ग्लास वर्क्स. ह्या चमकीच्या काचेला कार्निव्हल ग्लास म्हणतात, अमेरिकेत फेंटन कंपनीने १९०७च्या सुमारास बाजारात आणली, साच्यात दाबलेली काच गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारायचा की वर असा रंगीबेरंगी पातळ थर चढतो. नंतर बऱ्याच देशांत झाली, आपल्याकडे फिरोजाबादला झाली. जैनच्या, हाताच्या पंजात धरल्यासारख्या दिसणाऱ्या फुलदाण्या आणि माशाच्या आकाराच्या फुलदाण्या आज परदेशातले संग्राहक शोधत फिरतात आणि आपण त्या भंगारात घालतो.

ह्या काचेचा मूळ रंग बघायचा असेल तर चमकीकडे बघू नका. तळाला जिथे फवारा पोचत नाही तिथे, नाहीतर काठाला उजेडासमोर धरून बघा. नारिंगी दिसणारा ग्लास खाली बिनरंगी निघतो, तुमचे तसेच आहेत असं फोटोत दिसतंय.

आता घरच्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, बेल्जियम आग्र्याच्या शेजारी निघालं.

मिरजेची_सून
सांगितलं. मोठे दीर म्हणाले की बेल्जियमवाल्यांनीच फिरोजाबादला छापून घेतलं असेल.

निशिगंध
😂😂

कऱ्हाडकर
धागा वाचून राहवलं नाही. काच म्हटलं की आमच्याकडे ओगलेवाडी. औंध संस्थानात ओगले बंधूंनी १९१६ला कारखाना काढला, त्यांचा प्रभाकर कंदील घराघरात होता, आमच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी लोक तिथे कामाला होते. त्याच्याही आधी तळेगावला १९०८ला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, अंताजी काळ्यांनी लोकांकडून एक एक पैसा गोळा करून फंड उभा केला आणि टिळकांनी तो उचलून धरला. तुमच्या ट्रंकेत कंदिलाच्या चिमण्या, बरण्या, दौती असं काही साधं निघालं तर फेकू नका हो. नक्षीचं नाही म्हणून लोक टाकून देतात आणि नेमकं आपलं तेच जातं.

मिरजेची_सून
चिमण्या आहेत दोन! मी त्या रद्दीवाल्याच्या ढिगात ठेवल्या होत्या, आत्ता उचलून आणते.

भिंगवाला
कऱ्हाडकर +१.

आता बाकीचं. एक नंबर, लाल वाडगा. तुम्ही काढलेला काठाचा फोटो फार कामाचा आहे. काठाच्या जाडीत काच बिनरंगी आहे आणि लाल फक्त बाहेरच्या अंगाला, तोही पापुद्र्याइतका. तळाच्या कडेला जिथे घासलंय तिथे लाल गेलाय. म्हणजे लाल काच नाही, बिनरंगी काचेवर लाल रंग भाजून चढवलाय आणि मग तो कोरून खालची काच उघडी केलीये, म्हणून हरणं पांढरी दिसतात. हे बोहेमियाचं काम. फ्रीड्रिख एगरमान नावाच्या माणसाने १८३२च्या सुमारास हा लाल थर साधला. द्राक्षवेल, हरणं, किल्ले हे त्यांचे ठरलेले विषय. पण हुरळून जाऊ नका, हाच प्रकार विसाव्या शतकात, अगदी कम्युनिस्ट काळातही, भरपूर निघत होता. कुठे कागदी लेबल किंवा शिक्का दिसतो का बघा. "चेकोस्लोव्हाकिया" असेल तर १९१८ ते १९९२ मधली वस्तू, कारण तो देशच तेवढ्या काळात होता.

दोन थरांची खरी काच असती तर काठाला दोन रंग जाडीसकट दिसले असते, सरळ रेघ मारल्यासारखे वेगळे. तुमच्याकडे तसं नाहीये.

सहा नंबरचे मधाळ बाऊल. तळाला फ्रान्स लिहिलंय आणि एक आकडा. व्हेरेको नाहीतर ड्युरालेक्स असणार. ही टेम्पर केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच, आपल्याकडे आखातात नोकरीला गेलेल्यांनी सूटकेसमधून आणली. आणि तो आकडा वर्ष नाही, वय नाही, साच्याचा नंबर आहे. बिनधास्त वापरा, फक्त कधी फुटलं तर साबुदाण्याएवढे तुकडे होऊन पूर्ण स्वयंपाकघरात उडतात हे लक्षात असू द्या.

मिरजेची_सून
बरोबर, धाकटे काका दुबईला होते. म्हणजे ट्रंकेत सगळ्या पिढ्यांचं एकत्र झालंय तर.

भिंगवाला
तेच सांगायचंय. एका ट्रंकेत निघालं म्हणून सगळं एका वयाचं धरू नका. प्रत्येक वस्तूचा वेगळा हिशोब.

मासा बघून मात्र फार आशा ठेवू नका. आत एक रंग, बाहेर बिनरंगी जाड काच, हे इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाचं तंत्र, खरंय, पण मुरानोच्या नावाने चीनपासून सगळीकडे मासे आणि बदकं झाली. मुरानोच्या बहुतेक जुन्या वस्तूंवर पक्का शिक्का नसतो, चिकटवलेलं लेबल असतं, आणि लेबल कुणीही चिकटवू शकतं. मला तरी हा शोकेसमधला मासा वाटतो. छान आहे, राहू दे.

पल्याड
मी अटलांटाहून वाचतेय. इथे जुन्या वस्तूंच्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये अतिनील टॉर्च घेऊन फिरणाऱ्या बायका बघितल्यात, आता कळलं काय करतात. एक सावध करते, ह्यातलं काही परदेशात नेणार असाल तर आधी कायदा बघा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही असं वाटत असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र मिळतं, ते घ्या, विमानतळावर वाद घालून उपयोग नसतो.

मिरजेची_सून
हे बरं सांगितलंत. नणंद कॅनडात असते आणि तिचा हंडीवर डोळा आहे.

देवगडकर
हंडीवर मी बोलू का, आमच्या देवळात सात-आठ आहेत, गणपतीत सगळ्या पुसायला माझ्याकडेच येतात. जुन्या काळी आत काचेच्या पेल्यात खाली पाणी आणि वर तेल घालून वात लावायचे. नंतर बल्ब आला तेव्हा वायरसाठी पितळी टोपीला भोक पाडलं. तेव्हा टोपीला भोक आहे का, साखळ्यांचं काम एकसारखं आहे का ते बघा. बऱ्याच हंड्यांची काच जुनी आणि टोपी नवी असते, किंवा उलट. नुसत्या पितळेवरून वय सांगणारे दुकानदार चोरबाजारात पैशाला पासरी.

भिंगवाला
देवगडकर, अगदी बरोबर. ताई, हंडीच्या काचेत बुडबुडे आहेत म्हणून जुनी असंही कुणी सांगेल, त्याला भुलू नका. आज फुंकलेल्या काचेतही बुडबुडे येतात. तोंडाची कड हाताने बघा, जिथे पितळी कडं बसतं ती. घासून सपाट केलेली असेल आणि तिथे धातूने घासल्याचा जुना काळा पट्टा असेल तर काच आणि कडं बराच काळ एकत्र नांदलेत. बुडाला टोकाशी वण आहे का तेही सांगा.

मिरजेची_सून
कडं काढलं (दिराला शिडी धरायला लावून, फुटली असती तर दोघांची नावं लागली असती). काठ सपाट घासलेला आहे, बोट फिरवलं तर मॅट लागतं, आणि सगळीकडे काळसर पट्टा आहे, मधे एका ठिकाणी छोटी कपची उडालीये ती कड्याखाली लपते. बुडाला गोटी आहे आणि गोटीच्या खाली घासलेला गोल खळगा. टोपीला भोक आहे पण वेडंवाकडं, घरीच पाडल्यासारखं.

भिंगवाला
मग हंडी तुमच्या ट्रंकेतली सगळ्यात चांगली वस्तू आहे असं मला वाटतं. हाताने फुंकलेली, तळ नीट घासून संपवलेला, काच आणि कडं एकत्र जुनी झालेली. कुठल्या कारखान्याची हे शिक्क्याशिवाय कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. युरोपातून आयात झालेली असू शकते, बेल्जियमसुद्धा असू शकते, घरच्यांना तेवढं समाधान द्या.

खडूस_काका
आता तरी किंमत?

भिंगवाला
काका, ऑनलाइन लोक किती मागतात ते बघू नका, किती रुपयांना खरोखर विकली गेली ते बघा, विक्रीच्या साइटवर "विकलेल्या वस्तू" असा वेगळा पर्याय असतो. कपची उडालेली असली की भाव पडतो, सेट पुरा असला की चढतो. पुढचं चोरबाजारातला माणूस आणि तुमची जीभ.

देवगडकर
टांगणार असाल तर पंख्याच्या हुकला टांगू नका, वेगळा हुक मारून घ्या. जुन्या साखळीवर सगळा भार टाकू नका, तिच्या मागून बारीक स्टीलची तार ओवा, दिसत नाही. आणि आत पिवळ्या बल्बऐवजी एलईडी लावा, तो फार तापत नाही.

मिरजेची_सून
करते. अत्तरदाणी राहिली हो. बूच नवीन करून मिळेल का?

भिंगवाला
नवीन बसवलं तरी नीट बसणार नाही. त्या काळी प्रत्येक बूच त्याच्याच मानेत घासून बसवायचे, दुसऱ्याच्या मानेत ते एकतर डुगडुगतं नाहीतर अडकतं. अदलाबदल होऊ नये म्हणून कधीकधी बुचावर आणि मानेवर एकच आकडा टोकदार हत्याराने ओरखडलेला असतो. भिंग घेऊन मानेच्या काठाला बघा.

मिरजेची_सून
आहे! अगदी बारीक, १४. ट्रंकेच्या कोपऱ्यात तीन सुटी बुचं होती, त्यातल्या दोघांवर काही नाही आणि एकावर १५ आहे.

भिंगवाला
मग जोडी होती ती. १५ची अत्तरदाणी कुठेतरी आहे आणि तिच्यावर बहुतेक तुमचं १४चं बूच बसलंय. आधीच्या वाटणीत कुणाकडे गेली ते शोधा.

मिरजेची_सून
सांगलीच्या चुलतसासूबाईंच्या शोकेसमध्ये जांभळी अत्तरदाणी आहे, त्यात बूच घट्ट अडकलंय म्हणून त्या कधी उघडत नाहीत. रविवारी जाते. अडचण एवढीच की मी बूच मागितलं की त्या अत्तरदाणीच मागणार.